‘होमोजिनियस’ हा शब्द अचूक कसा वापरावा

‘सर्वत्र सारखा’ अशा अर्थाचा हा इंग्रजी शब्द लिहिण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात: सारखेपणा नेमका कोणत्या गुणधर्माचा सांगायचा आहे, आणि तो किती बारकाईने पाहिले तरी टिकतो.

प्रथम रसायनशास्त्र घेऊ. येथे पाठ्यपुस्तकांतील ‘समांगी’ हा शब्द वापरावा. साखरेचे पाणी समांगी असते. कोल्हापुरी साजाचे बावीस कॅरेट सोनेही, त्यात तांबे व चांदी मिसळलेली असली तरी, समांगीच. तर्री तरंगणारा तांबडा रस्सा तसा नाही, हे सांगावे लागत नाही. खरी फसगत दूध करते. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर मिळणारे धारोष्ण दूध डोळ्यांना एकजीव दिसते, परंतु सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास स्निग्धाचे गोलक पाण्यात विखुरलेले आढळतात. म्हणून ते कलिल, अर्थात विषमांगी मिश्रण ठरते. पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ असे छापलेले असले, तरी त्याचा अर्थ एवढाच की दाबाखाली ते गोलक फोडून इतके बारीक केले आहेत की साय सहजी वर येत नाही. असे दूधही समांगी होत नाही.

गणितात ‘समघाती’ म्हणावे. क्ष² + ३ क्ष य + २ य² या राशीतील प्रत्येक पदाची कोटी, म्हणजे त्यातील चलांच्या घातांकांची बेरीज, २ आहे, म्हणून ती समघाती. तीत ५ क्ष मिळवताच ती तशी राहत नाही. रेषीय समीकरणांच्या संचाबाबत मात्र याच विशेषणाचा अर्थ ‘स्थिरपद शून्य असलेली’ असा होतो, आणि अवकल समीकरणांत तर दोन्ही अर्थ प्रचलित असल्याने तेथे अभिप्रेत अर्थ स्पष्ट लिहिणेच इष्ट.

पदार्थाविषयी लिहिताना ‘सर्व ठिकाणी सारखा’ आणि ‘सर्व दिशांना सारखा’ यांत गल्लत करू नये. फळी सर्वत्र एकाच प्रतीच्या लाकडाची असली, तरी ती रेषांच्या दिशेने सहज चिरते, आडवी चिरत नाही.

समाजाविषयी ‘एकजिनसी’ लिहिताना निकष सांगितल्याशिवाय पुढे जाऊच नये. संस्थानकालीन कोल्हापूरला भाषेच्या निकषावर बहुतांशी एकजिनसी म्हणता येईल; शिक्षण आणि नोकरी यांच्या निकषावर मुळीच नाही, कारण तेथील विषमता एवढी होती की १९०२ मध्ये शाहू महाराजांना संस्थानातील रिक्त होणाऱ्या नोकऱ्यांपैकी ५० टक्के मागास वर्गांसाठी राखून ठेवाव्या लागल्या.