कोरड्या देशासाठी अणुवीज की सौरवीज : तुलना कशी करावी

अणुवीज आणि सौरवीज दोन्ही उत्पादनाच्या वेळी कार्बन सोडत नाहीत, म्हणून पाणीटंचाईच्या देशात खरी तुलना पाण्यापासून सुरू करावी. अणुभट्टीतील उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांशाची वीज होते. उरलेली उष्णता बाहेर टाकताना, शीतक मनोरे असलेल्या केंद्रात, एका युनिटमागे साधारण अडीच लिटर पाण्याची वाफ होते. या हिशेबाने १,००० मेगावॉटची भट्टी पूर्ण क्षमतेने चालली, तर दिवसाला २ कोटी ४० लाख युनिट वीज मिळते आणि ६ कोटी लिटर पाणी उडून जाते. मुंबईच्या रोजच्या पाणीपुरवठ्यापुढे हा आकडा किरकोळ वाटेल. पण दरडोई १३५ लिटर धरल्यास ते जवळपास साडेचार लाख माणसांचे एका दिवसाचे पाणी होते.

त्यानंतर हे पाणी कोणते, ते पाहावे. आपले तारापूर आणि संयुक्त अरब अमिरातींचे बराका ही अणुकेंद्रे समुद्रकाठी असल्याने तेथे थंडाव्यासाठी गोड्या पाण्यावर ताण पडत नाही. ॲरिझोनाच्या वाळवंटातील पालो वेर्दे केंद्र शहरांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून तेच वापरते. मात्र हा कित्ता गिरवण्यापूर्वी ते सांडपाणी आज कोण वापरतो, याची चौकशी करावी. जॉर्डनमध्ये असे पाणी शेतीला जाते, म्हणजे भट्टीला दिलेला प्रत्येक लिटर कोणाच्या तरी पिकातून वजा होणार.

सौरवीज दोन तऱ्हांनी बनते, म्हणून तुलनेच्या तक्त्यात सौरऊर्जेचा एकच रकाना असेल, तर तो तक्ता मी तरी बाजूला ठेवतो. आरशांनी उष्णता गोळा करून टर्बाइन फिरवणाऱ्या केंद्रात ओले शीतकरण, म्हणजे पाण्याची वाफ करून थंडावा देण्याची पद्धत, असेल, तर त्याला अणुकेंद्राइतके किंवा त्याहून अधिक पाणी लागू शकते. मोरोक्कोच्या नूर प्रकल्पात पहिल्या टप्प्यानंतर हवेने थंडावा देणारे कोरडे शीतकरण स्वीकारले गेले, ते उगाच नव्हे. सूर्यप्रकाशापासून थेट वीज बनवणाऱ्या फोटोव्होल्टाइक पॅनेलना मात्र मुख्यतः धुण्यापुरतेच पाणी लागते, आणि राजस्थानातील भडला येथे तर कोरड्या ब्रशचे यंत्रमानवही हे काम करतात.

मग मेगावॉट सोडून वर्षभराची युनिटे मोजावीत. सौर प्रकल्प आपल्या क्षमतेच्या २० ते २५ टक्के वीज देतो आणि अणुकेंद्र ८० टक्क्यांहून अधिक, त्यामुळे समान युनिटांसाठी सौरक्षमता तिप्पट-चौपट धरावी लागते व रात्रीच्या साठवणुकीचा खर्चही सौरऊर्जेच्याच खात्यात टाकावा लागतो. अणुऊर्जेच्या खात्यात बांधकामाची वर्षे धरावीत: बराकाच्या पहिल्या भट्टीचे काँक्रीट २०१२ मध्ये पडले आणि व्यावसायिक वीज २०२१ मध्ये आली. मधल्या काळात देशाने विकत घेतलेल्या इंधनाचा खर्च त्याच रकान्यात लिहावा.