तीनशे प्रॉब्लेम सोडवले, तरी ऐनवेळी सुचेना: कोडिंगच्या सरावातल्या या चुका टाळा

आमच्या राजापूरकडच्या घरात मोबाइलला धड रेंज मिळते ती पडवीच्या एकाच कोपऱ्यात. तिथे खुर्ची टाकून मी कोडिंगचा पहिला ऑनलाइन इंटरव्ह्यू दिला. बाहेर पागोळ्यांचा आवाज, आणि स्क्रीनवर प्रश्न आला: दिलेल्या स्ट्रिंगमध्ये (अक्षरांच्या माळेत) एकही अक्षर पुन्हा न येणारा सर्वांत लांब सलग तुकडा किती लांबीचा? माझ्या यादीत या प्रॉब्लेमपुढे हिरवी टिक होती. 'स्लायडिंग विंडो', म्हणजे सलग तुकड्यावरून सरकणारी खिडकी, हे नावही आठवलं. पण खिडकीची डावी कड केव्हा सरकवायची आणि कुठवर, ते काही केल्या सुचेना. वीस मिनिटं चाचपडलो. मग समोरच्यांनी आभार मानून कॉल बंद केला. तोवर मी तीनशेच्या वर प्रॉब्लेम सोडवले होते. म्हणजे, सोडवले असं मी सांगत फिरत होतो.

पुढचे दोन-तीन आठवडे लॅपटॉप उघडायची इच्छा होईना. कुणी विचारलं की 'कंटाळा आलाय' म्हणायचो. खरं तर चीड आली होती. इतकं राबून पदरात काही पडत नाही याची चीड. आणि ती चीड माझ्याच सवयींनी ओढवून घेतलेली होती.

## उत्तर वाचून 'हां, कळलं' म्हणणं

सगळ्यांत महागात पडलेली चूक हीच. दहा मिनिटं प्रॉब्लेमकडे बघायचं, मग उत्तराचा व्हिडिओ लावायचा, मान डोलवायची, कोड बघून टाइप करायचा, सबमिट, हिरवी टिक, पुढचा. दुसऱ्याचं उत्तर वाचताना ते सोपंच वाटतं. कोऱ्या पानावर पहिली ओळ कुठून सुरू करायची, हे मात्र ते वाचून येत नाही.

आता मी असं करतो. अर्धा तास स्वतः झगडायचं, निदान ब्रूट फोर्स (सगळ्या शक्यता एकेक तपासणारा सरधोपट कोड) तरी लिहून काढायचा. तरीही अडलं तर उत्तर बघायला लाज नाही, पण कल्पना कळेपर्यंतच. मग ते बंद करून स्वतःच्या हाताने लिहायचं. तोच प्रॉब्लेम दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि आठवड्याने परत एकदा, दोन्ही वेळा कोऱ्या पानापासून. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की नुकतं पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं आणि उजळणीला मूळ पाठांतरापेक्षा कमी वेळ लागतो. कोडचंही तसंच होतं, हा माझा अनुभव.

वहीत आकडा लिहिणं मी बंद केलं. आता प्रत्येक प्रॉब्लेमला एकच ओळ: कुठे अडलो. 'लूप (तीच क्रिया फिरून फिरून) एक घर आधी थांबवला.' 'रिकामा ॲरे (यादी) विसरलो.' 'रिकर्शन (स्वतःलाच पुन्हा बोलावणारं फंक्शन) कुठे थांबायचं तेच लिहिलं नाही.' महिन्याने पानं चाळली तर त्याच चार-पाच चुका आलटून पालटून. तीनशेच्या यादीने मला हे कधीच दाखवलं नव्हतं.

## पॅटर्नचं नुसतं नाव पाठ असणं

'टू पॉइंटर', 'स्लायडिंग विंडो', 'मोनोटॉनिक स्टॅक' ही प्रॉब्लेम सोडवण्याच्या ठरावीक पद्धतींची नावं गणपतीच्या आरत्यांसारखी पाठ असतात, अर्थ विचारला की पंचाईत. मला खिडकी खऱ्या अर्थाने कळली ती पावसामुळे. समजा जून ते सप्टेंबर या 122 दिवसांचा रोजचा पाऊस वहीत मांडलाय आणि विचारलं, सलग सात दिवसांत जास्तीत जास्त किती पडला? सात दिवसांचे असे 116 गट होतात. दर वेळी सातही आकडे नव्याने मिळवत बसलात तर 812 आकडे वाचावे लागतील. त्यापेक्षा पहिल्या सात दिवसांची बेरीज करा, आणि पुढे जाताना मागचा दिवस वजा, नवा दिवस अधिक. झाली खिडकी. इथे तिची रुंदी ठरलेली आहे, इंटरव्ह्यूतल्या प्रश्नात ती लहान-मोठी होत होती, एवढाच फरक.

आणि कुणी पुण्या-मुंबईचा मित्र 'डायनॅमिक प्रोग्रॅमिंगपासूनच (डीपी: छोट्या भागांची उत्तरं जपून मोठं उत्तर काढायची पद्धत) सुरू कर' म्हणाला तर खुशाल दुर्लक्ष करा. रिकर्शन कच्चं असताना डीपीला हात घातला की पंधरा दिवसांत आत्मविश्वासाचं भरीत होतं.

## तोंड बंद ठेवून सराव करणं

इंटरव्ह्यूत कोडइतकंच बोलणंही बघतात. आपण मात्र महिनोन्महिने मुक्याने टाइप करत असतो. मी मॉक, म्हणजे सरावाच्या इंटरव्ह्यूसाठी जोडीदार शोधत होतो, मिळाले बाबा.

एप्रिलचे दिवस, बाबा पडवीत आंबा निवडत बसलेले. मी म्हटलं, "बाबा, पाच डझनाच्या पेटीत साठ आंबे. प्रत्येकाचं वजन वेगळं. दोघांची बेरीज बरोबर 500 ग्रॅम होईल अशी जोडी काढायची. कशी काढाल?" हा लीटकोड या सरावाच्या वेबसाइटवरचा अगदी पहिला प्रॉब्लेम, 'टू सम'. प्रत्येक आंबा प्रत्येकाशी लावून बघायचा तर 1770 जोड्या होतात. मी त्यांना हॅशमॅप समजावायला लागलो: एकेक आंबा उचलायचा, 500 मधून त्याचं वजन वजा करायचं, आणि उरलेल्या वजनाचा आंबा आधी येऊन गेलाय का ते वहीत बघायचं.

बाबांनी मान वर न करता विचारलं, "आधी वजनावर लावून घेतलेस तर? एका हातात सगळ्यात हलका धर, दुसऱ्यात सगळ्यात भारी. बेरीज जास्त झाली तर भारी बाजूला ठेवून त्याच्या अलीकडचा घे. कमी पडली तर हलका बदल."

हे टू पॉइंटर झालं. मी सहा महिने वाचून जे घोकत होतो ते त्यांनी आढी लावता लावता सांगितलं. त्यातली एक खोच मात्र मला बोलता बोलताच सापडली: मूळ प्रॉब्लेममध्ये आंबे कितव्या जागेवर होते ते विचारलंय, आणि वजनावर लावले की मूळ जागा हरवतात. म्हणजे लावण्याआधी प्रत्येकासोबत त्याचा क्रमांक बांधून ठेवायला हवा. गप्प बसून टाइप करत असतो तर हे सबमिट केल्यावरच कळलं असतं.

## मर्यादा न वाचता कोड लिहायला घेणं

प्रॉब्लेमच्या तळाशी एन (इनपुटमधल्या घटकांची संख्या) किती मोठा असू शकतो ते दिलेलं असतं. तो फुकटचा इशारा आहे. ढोबळ हिशेब असा, की सेकंदाला दहाएक कोटी साध्या क्रिया होतात, पायथॉनमध्ये त्याहून बऱ्याच कमी. एन 1 लाख असेल तर लूपमध्ये लूप म्हणजे 1000 कोटी फेऱ्या, टाइम लिमिट संपणारच. सॉर्ट करून सुटत असेल तर काम साधारण 17 लाखांत आटपतं. आणि एन 20 च्या आतच ठेवला असेल तर सगळे उपसंच तपासले तरी चालतात, ते जेमतेम साडेदहा लाख होतात.

## स्ट्रीकला देव मानणं

माझी 41 दिवसांची स्ट्रीक (रोज न चुकता सोडवण्याची साखळी) गणपतीत तुटली. घरात वीस माणसं, रात्री भजनं, पहाटे मोदकांची तयारी. कोण कोड लिहिणार? चूक खाडा पडण्यात नव्हती. 'आता तुटलीच आहे' म्हणून गणपती गेले, पितृपंधरवडा गेला, घट बसले तरी मी लॅपटॉप उघडला नाही. आता आठवड्याचे चारच दिवस ठरवलेत. गणपती आणि शिमगा आधीपासून वगळलेले. लावणीच्या दिवसांत चिखलातून येऊन नवा हार्ड प्रॉब्लेम घेत नाही, जुनाच एखादा सोडवतो.

## सँपल चालतं, सबमिट केलं की पडतं

प्रश्नासोबत दिलेल्या सँपल इनपुटवर उत्तर बरोबर येतं आणि सबमिट केल्यावर चुकतं, अशा वेळी कोडमध्ये आंधळेपणाने प्लस-वन, मायनस-वन करत बसू नका. आधी हे घालून बघा: रिकामं इनपुट, एकच घटक, सगळे सारखे, ऋण संख्या, सगळ्यात मोठी संख्या. जावा किंवा सी प्लस प्लसमध्ये साधा इंट (पूर्णांक) 2,14,74,83,647 च्या पुढे जात नाही, बेरीज उलटून ऋण होते. बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेल्या यादीत मधोमध बघून दर वेळी निम्मी यादी सोडून देणं) लो आणि हाय ही शोधाची दोन टोकं मिळवून दोनाने भागताना, यादी फार मोठी असेल तर, नेमकं हेच घडतं. खुद्द जावाच्या लायब्ररीत ही चूक सुमारे नऊ वर्षं दडून होती, आणि 2006 मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी ती जाहीरपणे मांडली. तेव्हा आपली चूक झाली तर फार मनाला लावून घेऊ नये. लो आणि हाय यांच्या फरकाचा निम्मा लोमध्ये मिळवला की काम होतं.

बाकी सगळं कागदावर. आमच्याकडे जोराचा पाऊस आला की लाईट जाते, त्यामुळे ड्राय रनची (कोड कागदावर हातानेच चालवून बघण्याची) सवय मला आपोआपच लागली. दसऱ्याच्या आसपास असाच परतीचा पाऊस आला, लाईट गेली, आणि मी इंटरव्ह्यूतला तो प्रॉब्लेम वहीवर काढला. इनपुट घेतलं 'क ख ख क'. प्रत्येक अक्षर शेवटचं कुठे दिसलं ते बाजूला लिहीत गेलो. शून्यापासून मोजलं तर दुसरा ख आला तेव्हा डावी कड 2 वर गेली, बरोबर. मग शेवटचा क आला. तो आधी 0 वर दिसला होता, म्हणून माझ्या कोडने डावी कड 1 वर नेली. म्हणजे मागे! खिडकीत दोन ख पुन्हा आले आणि उत्तर 2 ऐवजी 3. नवी जागा आणि आत्ताची डावी कड, यांतली जी मोठी असेल ती घ्यायची, एवढंच राहिलं होतं.

वहीत ओळ लिहिली: 'डावी कड मागे जाऊ द्यायची नाही. क ख ख क.' लाईट रात्री साडेनऊला आली.