दापोलीचा सायकल लूप मारायचाय? मग या चुका टाळा

नोव्हेंबरात हवा जरा सुकली की पुण्या-मुंबईची पोरं माउंटन बाइक गाडीच्या टपावर टाकून दापोलीला येतात आणि दरवर्षी त्याच त्याच चुका करतात. मुरूड, आसूद, दापोली, बुरोंडी, लाडघर, कर्दे आणि परत मुरूड असा हा लूप, चाळीसेक किलोमीटरचा, मधे सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरच्या, मातीच्या वाटा घेतल्या तर थोडा वाढतो. आकडा ऐकून सगळे म्हणतात, एवढंच? आम्ही रविवारी ऐंशी मारतो. मारत असाल हायवेवर, इथे किलोमीटर मोजून काही कळत नाही, चढ मोजा.

किनारा म्हणजे सपाट रस्ता ही समजूत आधी डोक्यातून काढा. गाव खाली समुद्राला लागून, मग डोंगर मधे येतो, तो चढून वर सडा, की परत खाली पुढच्या गावात. लाडघर ते कर्दे नकाशात बोटभर दिसतं. चढ लांब नाहीत पण उभे आहेत, आणि एक संपवून श्वास खाली बसायच्या आत दुसरा सुरू होतो. चढ लागल्यावर, पाय अडकल्यावर, जोर लावून गिअर टाकायचा नाही, चढ दिसला की आधीच हलका गिअर टाकून ठेवायचा. साखळ्या तुटतात त्या अशाच तुटतात.

पण सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लूप दापोलीतून सुरू करणं. दापोली समुद्रसपाटीपासून साधारण ८०० फुटांवर. तिथे हॉटेलं आहेत, गाडी लावायला जागा आहे, म्हणून सगळे तिथूनच निघतात, सकाळच्या गारव्यात सुसाट खाली येतात, समुद्र बघतात, फोटो काढतात, आणि मग अकरा-बाराच्या उन्हात, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या, मांड्यांना गोळे आलेले, अशा अवस्थेत तो सगळा उतार चढून परत जायचा असतो. मग टेम्पोला हात दाखवायचा. माझं ऐका, मुक्काम खाली मुरूडला किंवा कर्द्याला करा, सहाच्या सुमारास निघा, आसूदचा चढ नारळी-पोफळीच्या सावलीत ऊन तापायच्या आत संपवा आणि दापोलीत जाऊन पोटभर नाश्ता करा. मोठा चढ मागे पडला की बाकीचे छोटे चढ निभावतात. फक्त बुरोंडीहून उत्तरेला येताना उशीर केलात तर समुद्रावरचा वायव्येचा वारा तोंडावर येतो, तेव्हा नाश्त्याला दोन तास बसू नका.

आता ब्रेक. यावर मी सविस्तर बोलणार कारण यात जीव जातो.

मागच्या हिवाळ्यात आसूदच्या वळणांवर चार-पाच जणांचा ग्रुप उतरत होता, मी खालून चढत होतो. त्यातला एक पोरगा वळणावर सरळ आला, वळलाच नाही, रस्ता सोडून गवतात गेला आणि बागेच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, आदळून थांबला. नशीब की वेग तोवर थोडा कमी झाला होता, गुडघा आणि कोपर सोलवटलं तेवढ्यावर निभावलं. उठल्याबरोबर म्हणतो, काका, दोन्ही ब्रेक दाबले हो, लागलेच नाहीत. मी मागची डिस्क बघितली, म्हणजे चाकावरची ती धातूची चकती जिला ब्रेकचे पॅड दोन्हीकडून पकडतात. चकचकीत, आणि उन्हात धरल्यावर तिच्यावर इंद्रधनुष्यासारखा तेलाचा तवंग. पॅडला रॉकेलसारखा वास. आदल्या संध्याकाळी यांनी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, सायकली पळवलेल्या, खारट ओल आणि बारीक वाळू डिस्कवर बसली, सकाळी ब्रेक किंचाळायला लागले, आणि मित्राने काय करावं, गंज सोडवायचा स्प्रे दोन्ही डिस्कवर मारला. आवाज बंद झाला म्हणून सगळे खूष होऊन उताराला लागले. आवाज बंद होणारच, घर्षणच संपलं ना!

अरे बाबांनो, डिस्कला तेल, स्प्रे, ग्रीस काहीही लावायचं नाही. बोटसुद्धा लावू नये असं माझं मत. आवाज आला तर गोड्या पाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने पुसा, सपाटीवर दहा-बारा वेळा ब्रेक दाबा, बहुतेक वेळा तेवढ्याने जातो. तेल लागलंच तर डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पॅड सरळ बदला. पॅड गॅसवर भाजून तेल जाळायचे व्हिडिओ फिरत असतात, दोन-चारशे रुपयांच्या पॅडसाठी उतारावर असले प्रयोग कशाला? आणि नवे पॅड टाकून थेट उताराला जाऊ नका, आधी सपाटीवर वेग घेऊन जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक मारायचे, असं पंधरा-वीस वेळा, तेव्हा कुठे ते डिस्कवर नीट बसतात. त्या पोराला आम्ही खालपर्यंत सायकल हातात धरून चालत नेलं. त्याला ते आवडलं नाही, पण मी ऐकलं नाही.

ब्रेक चांगले असले तरी उतारभर दाबून धरायचे नसतात. डिस्क तापते, पॅड चकाकतात, पकड जाते. वळणाच्या आधी जोरात दाबा, वळणात सोडा, पुढे परत दाबा. पेडल दोन्ही सारख्या उंचीवर, बूड सीटवरून उचललेलं, एकेक बोट ब्रेकवर. जांभ्याच्या बारीक खडीवर वळणात पुढचा ब्रेक दाबलात की हँडल हातात राहत नाही.

टायरची हवा: सायकलवाल्याकडे टणक होईपर्यंत भरून आणतात, पन्नासच्या वर पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). जांभ्याचा सडा खडबडीत असतो, कडक टायर त्यावर उड्या मारतो. ट्यूबलेस असेल तर वजनाप्रमाणे २२ ते २८ पीएसआय, ट्यूब असेल तर थोडी जास्त. ट्यूबलेस टायरमधलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, दोन-तीन महिन्यांनी तपासा, इथल्या उकाड्यात सुकून जातं.

पुळणीवर सायकल न्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, ओली वाळू घट्ट असते, मजा येते, कबूल. पण खारं पाणी बेअरिंगमध्ये गेलं की ते हळूहळू खातं, त्या दिवशी काही कळत नाही, महिन्याभराने बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या दांड्याचं बेअरिंग, करकरायला लागतं. मी स्वतः चांगली सायकल वाळूत नेत नाही. न्यायचीच असेल तर त्याच संध्याकाळी बादलीभर गोड्या पाण्याने, फडक्याने धुवा. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पंप नको, तो मीठ आत ढकलतो. साखळी सुकवून तेल द्या, उद्यावर टाकू नका. आणि भरतीची वेळ बघून जा. आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या आसपास भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी पार वरपर्यंत येतं, तेव्हा पुळणीचा शॉर्टकट विसरा. गावातल्या मच्छीमाराला विचारलंत तर तो ॲपपेक्षा आधी सांगेल, पण विचारायला लोक लाजतात.

सड्यावर सावली नाही, दुकान नाही, पाणी नाही. माणशी तीन लिटर घ्या, सोबत ओआरएस.

पावसाळ्यात हा लूप करू नका. जांभ्यावर शेवाळ चढतं आणि तेव्हाच सड्यावर ती बारीक फुलं येतात, ती चाकाखाली चिरडायची नाहीत. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेली, हजारो वर्षांची कोरलेली चित्रं, आणि त्यावरून टायर नेलेले मी पाहिलेत. फार राग येतो. कातळावर नवी वाट शोधायची हौस असेल तर आधी गावात चौकशी करा.

आंब्याच्या बागांतून शॉर्टकट मारू नका, गडग्यावरून सायकल उचलून टाकू नका. दगड ढासळतो, तो परत रचायला कुणाचा तरी दिवस जातो. वाट बागेतूनच असेल तर राखणदाराला विचारून जा आणि बेडं (बागेचं फाटक) जसं होतं तसं परत लावा, नाहीतर गुरं आत शिरतात.

शेवटी एक बारकी वस्तू, जी कुणी आणत नाही: डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा छोटा धातूचा तुकडा. सायकल उजव्या बाजूला पडली की हाच वाकतो किंवा तुटतो, मुद्दाम तसाच केलेला असतो, म्हणजे फ्रेम वाचावी. दर मॉडेलचा वेगळा, दापोलीत तुमच्या सायकलचा मिळणार नाही. निघण्याआधी एक विकत घेऊन टूल बॅगेत टाका, सोबत साखळीची क्विक लिंक (तुटलेली साखळी जोडणारी कडी) आणि चेन ब्रेकर (साखळीची पिन काढायचं हत्यार).