हर्निया म्हणून आत गेले आणि निघालं भलतंच! या चुका टाळा

जांघेत गाठ आली, खोकलं की फुगते, आडवं झालं की आत जाते, म्हणजे 'आतडं उतरलंय' असं घरातलेच ठरवून मोकळे होतात. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण मी ऑपरेशन थिएटरमध्ये काम करतो, हर्नियाची पिशवी उघडल्यावर आत काय निघेल याचा काही नेम नसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लघवीचं न सांगणं. सत्तरीचे एक काका होते, जुना हर्निया, पार खाली अंडकोषात उतरलेला. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी काकू सहज बोलून गेल्या, "हे लघवीला जाऊन आले की गाठ लहान होते, आणि गाठ हाताने दाबली की परत थोडी लघवी होते." काका असे भडकले, हे काय चारचौघांत सांगायचं असतं का! अहो काका, हेच तर सांगायचं असतं. लगेच सोनोग्राफी केली तर गाठीत मूत्राशयाचाच भाग. आधी कळलं म्हणून कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी घालून, जपून ऑपरेशन झालं, नाहीतर चरबी समजून तिथेच कात्री लागायची भीती असते.

उजव्या बाजूला कधीकधी अपेंडिक्स सापडतं. याला अमियांड हर्निया म्हणतात, कारण १७३५ साली लंडनला क्लॉडियस अमियांड यांनी ११ वर्षांच्या मुलाच्या हर्नियात टाचणीने भोक पडलेलं अपेंडिक्स काढलं, तेही भूल नसलेल्या काळात, आणि पोरगं वाचलं! त्यात पू झाला असेल तर डॉक्टर सहसा हर्नियाच्या जागी आधाराला लावतात ती जाळी बसवत नाहीत, तेव्हा 'जाळीचं ठरलं होतं ना' म्हणून भांडत बसू नका.

तान्ह्या मुलीच्या जांघेत बदामाएवढी गाठ दिसली तर तेल लावून चोळून आत ढकलायला जाऊ नका प्लीज, ती ओव्हरी असू शकते आणि तिला पीळ बसू शकतो. मुलीला दोन्ही बाजूंना हर्निया असेल तर क्वचित आत वृषण निघतात, मग डॉक्टर क्रोमोसोमची टेस्ट सांगतात, ती टाळायची नाही आणि गावभर करायचीही नाही.

हर्नियावर बांधायच्या पट्ट्याबद्दल काय बोलू, गाठ आत जात नसताना वरून पट्टा आवळला तर आतलं जे काही आहे ते चेंगरतं.

आणि 'गॅस सरतोय म्हणजे अडकलं नाही' हे डोक्यातून काढा. हर्नियाच्या रिश्टर नावाच्या प्रकारात आतड्याची एकच बाजू अडकते, वाट चालू राहते आणि तेवढा भाग आतल्या आत सडत जातो. गाठ कडक झाली, दुखतेय, आत जाईना, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा, आणि निघताना घोटभर चहासुद्धा पाजू नका, भूल द्यायला पोट रिकामं लागतं.