‘चार्ज’चं मराठी करताना

इंग्रजी कागदपत्रांचं मराठी करायला बसलेल्या नवख्याला सगळ्यात जास्त फसवणारा शब्द अवघड नसतो. तो ‘चार्ज’सारखा रोजचा असतो. अर्थ माहीत आहे असं वाटतं, म्हणून कोश उघडलाच जात नाही, आणि कर्जाच्या करारात असं वाक्य उतरतं: ‘सदर जमिनीवर बँक पहिले शुल्क आकारेल.’

मूळ इंग्रजीत असतं ‘फर्स्ट चार्ज ऑन द सेड लँड’. इथे ‘ऑन’ने सगळा उलगडा होतो. मालमत्तेवरचा चार्ज म्हणजे बोजा, तोच जो सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात फेरफाराने चढतो आणि कर्ज फिटल्यावर कमी करून घ्यावा लागतो. म्हणजे ‘सदर जमिनीवर बँकेचा प्रथम बोजा राहील’. ‘प्रथम’ म्हणजे वसुलीत तिचा हक्क आधी. मात्र बोजाच्या जागी ‘गहाण’ लिहू नका. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 मध्ये गहाणाची व्याख्या कलम 58 मध्ये आहे, बोजाची कलम 100 मध्ये. गहाणात मालमत्तेतला काही हक्क हस्तांतरित होतो, बोजात होत नाही. मसुदा तपासणारा वकील नेमका इथेच लाल रेघ मारतो.

म्हणून आधी ‘चार्ज’च्या पुढचं शब्दयोगी बघायचं. ‘विथ’ आणि पुढे गुन्ह्याचं नाव असेल तर दोषारोप. ‘इन चार्ज ऑफ’ असेल तर कार्यभार किंवा जबाबदारी. यातला एक खडा दाताखाली हमखास येतो: ‘इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ म्हणजे मुलाला सांभाळणारा, पण ‘इन द चार्ज ऑफ द नर्स’ म्हणजे नर्सच्या ताब्यात असलेला. एका ‘द’मुळे सांभाळणारा कोण आणि सांभाळला जाणारा कोण, हे उलटतं.

शब्दयोगी नसेल तर क्रियापद आणि कर्ता बघा. ‘चार्जेस’ माफ केले, कर्ता बँक: शुल्क. ‘चार्जेस’ मागे घेतले, कर्ता सरकारी पक्ष: आरोप. ‘चार्ज’ सोपवला, कर्ता बदली झालेला अधिकारी: कार्यभार. वीजबिलात मात्र ‘शुल्क’ घालू नका. तिथे ‘स्थिर आकार’, ‘वहन आकार’ हे शब्द छापील बिलावरच आहेत, तेच उचला. भौतिकशास्त्रात विद्युत प्रभार. मोबाइलची बॅटरी चार्जच होते. तिला ‘प्रभारित’ करायला कोणी जात नाही.

फौजदारी मजकुरात टप्पे चुकतात. एफआयआर म्हणजे गुन्हा दाखल. तपास संपल्यावर पोलिस न्यायालयात देतात ते दोषारोपपत्र. त्यानंतर न्यायालय दोषारोप निश्चित करतं. ‘वॉज चार्ज्ड’चं ‘दोषी ठरला’ करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण खटला अजून चालायचाच असतो.

‘डिस्चार्ज’चीही हीच गत. आरोपीच्या बाबतीत दोषारोप निश्चित होण्याआधीच सुटका झाली तर दोषमुक्ती. खटला चालून सुटला तर निर्दोष मुक्तता, आणि त्याला इंग्रजीत शब्दच वेगळा, ‘अ‍ॅक्विटल’. रुग्णाला घरी सोडतात. धरणाच्या बातमीत ‘डिस्चार्ज’ म्हणजे विसर्ग, आणि तो क्युसेकमध्ये येतो: 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28.3 लिटर. आकड्यापुढे क्युसेक दिसलं की तिथे दुसरा कुठलाच अर्थ बसत नाही.