स्टेम्स पाठवायच्या आधी कागद करा

मामाच्या यंत्रमागाच्या शेडमधे मोबाईल धरून बसलो होतो, धोटा इकडून तिकडं जाताना खटक-खटक वाजतो ना, तो आवाज कापून बीटचा (रॅपखाली वाजणाऱ्या संगीताचा) हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटमधली झांज, केला, तीन रात्री जागलो. आणि रॅपरनं मागितल्या मागितल्या सगळ्या स्टेम्स, म्हणजे बीटमधल्या एकेका आवाजाच्या सुट्या फाईली, व्हॉट्सअपवर सोडून दिल्या. गाणं आलं, संगीतकार म्हणून त्याचंच नाव. सोलापुरातल्या अजून कुठल्या पोराचं असं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

पहिलं म्हणजे ऐकायला फक्त टॅग मारलेली (मधेमधे आपलं नाव ऐकू येणारी) एमपीथ्री द्यायची. स्टेम्स नंतर, आधी एका कागदावर गाण्याचं नाव, कोणी काय केलं, कोणाचे किती टक्के, तारीख आणि सगळ्यांच्या सह्या. गाण्याच्या रचनेचे टक्के वेगळे आणि मास्टरचे (तयार रेकॉर्डिंगचे) वेगळे लिहा, इथंच बरेच जण फसतात.

आता नीट वाचा. आपण बीटवाल्याला प्रोड्यूसर म्हणतो, पण कॉपीराइट कायद्यात साउंड रेकॉर्डिंगचा प्रोड्यूसर म्हणजे जो पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन रेकॉर्डिंग करवतो तो, म्हणजे बहुतेक वेळा लेबल नाहीतर रॅपर. म्हणून कागदावर नुसतं 'प्रोड्यूसर' नको, 'संगीतकार' असं स्पष्ट लिहून घ्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर बीटचे हक्क विकले तरी संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राहतो, पण त्यासाठी आधी संगीतकार म्हणून नाव तर पाहिजे की! आणि हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच लागतं, 'घे भावा वापर' म्हटल्यानं बीट विकली जात नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

रॉयल्टी आपोआप खात्यात येत नाही. आयपीआरएसचं, म्हणजे संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हा, आणि प्रत्येक गाणं आपल्या टक्क्यांसकट तिथं नोंदवा, नाहीतर वाटायला तुमचं नावच नसतं.

सॅम्पल पॅकमधला (तयार आवाजांच्या संचातला) लूप, म्हणजे परत परत वाजणारा तुकडा, जसाच्या तसा लावू नका, तोच लूप दुसऱ्यानं आधी कंटेंट आयडीत (युट्यूबच्या आवाज ओळखणाऱ्या यंत्रणेत) टाकला असेल तर युट्यूबवर क्लेम तुमच्यावर येतो.

गाणं आधीच आलं असेल तर ज्याच्या अकाउंटवरून अपलोड झालं त्यालाच मेल करा, क्रेडिट तिथूनच बदलतं. सोबत प्रोजेक्ट फाईलचा तारीख दिसणारा स्क्रीनशॉट जोडा. हक्क विकले असले तरी कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ खाली आपलं नाव मागता येतं, तेही मेलमधे लिहा.