पंच आणि डायसाठी टूल स्टील कसे निवडावे व त्याला पाणी कसे द्यावे

पंच (वरून दाबणारा ठसा) आणि डाय (खालचा साचा) अशा थंड पत्रा कापणाऱ्या किंवा वाकवणाऱ्या हत्याराचे स्टील ठरवताना कडकपणाच्या आकड्यापासून सुरुवात करू नये. आधीचे हत्यार कशाने निकामी झाले ते प्रथम भिंगातून पाहावे. धार सगळीकडे सारखीच बोथटली असेल, तर कारण झीज हे आहे. कडेचे टवके उडाले असतील किंवा कोपऱ्यातून तडा गेला असेल, तर चिवटपणा कमी पडला आहे आणि तिथे आणखी कडक स्टील वापरल्यास नुकसानच वाढते.

झीज हीच अडचण असेल, तर सुमारे दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असलेले डी२ प्रतीचे स्टील घ्यावे, कारण त्यातील क्रोमियम कार्बाइडचे कठीण कण धार टिकवतात. दोन टक्क्यांहून अधिक कार्बनचे डी३ झिजेला याहून चांगले तोंड देते, परंतु ते ठिसूळ असल्याने जाड पत्र्यासाठी टाळलेले बरे. ए२ हे झिजेला तोंड देणे आणि चिवटपणा या दोन्हींत मधले स्टील आहे. धक्के जोरदार बसत असतील, तर अर्धा टक्का कार्बनचे एस७ वापरावे. नग थोडे असतील, तर तेलात कडक होणारे ओ१ पुरते आणि साध्या भट्टीतही ते सांभाळता येते.

सळईची बाहेरची साल पूर्ण काढावी, कारण तिथला कार्बन जळालेला असतो. आतल्या कोपऱ्यांना गोलाई द्यावी. पाणी देताना, म्हणजे स्टील तापवून मग थंड करून कडक करताना, बहुतेक तडे तिथूनच सुरू होतात.

ओ१ आधी ६५० अंश सेल्सिअसपर्यंत सावकाश तापवून मग ७९० ते ८१५ अंशांवर न्यावे आणि उष्णता गाभ्यापर्यंत पोहोचल्यावर तेलात पूर्ण बुडवून हलवत राहावे. अर्धवट बुडालेला तुकडा तेल पेटवू शकतो. सुमारे ६० अंशांपर्यंत उतरताच तो बाहेर काढून लगेच टेम्परिंगला, म्हणजे ठिसूळपणा कमी करण्यासाठी कमी तापमानावर पुन्हा तापवायला, लावावा. दुसऱ्या दिवसावर हे काम ढकलणे महागात पडते, कारण टेम्परिंग न झालेले स्टील आतल्या ताणामुळे नुसते ठेवलेले असतानाही चिरू शकते. २०० अंशांवर किमान दोन तास ठेवल्यास कडकपणा रॉकवेल सी या मापावर साधारण ६० राहतो.

डी२ला मात्र १०१० अंशांच्या आसपासचे तापमान लागते आणि ते हवेतच कडक होते. निर्वात भट्टी नसेल, तर कार्बन जळू नये म्हणून तुकडा स्टेनलेस स्टीलच्या पातळ पत्रीत घट्ट गुंडाळावा. त्याचे टेम्परिंग दोनदा करावे आणि दोन्हींच्या मध्ये तुकडा खोलीच्या तापमानापर्यंत थंड होऊ द्यावा.

शेवटच्या ग्राइंडिंगमध्ये हलके काप घ्यावेत आणि कूलंट (थंड ठेवणारे द्रव) भरपूर सोडावे. पृष्ठभागावर तपकिरी डाग दिसला, तर तिथले स्टील भाजले आहे असे समजावे. वायरकटने (तारेतून विजेच्या ठिणग्या पाडून कापणाऱ्या यंत्राने) आकार काढला असल्यास कापावर वितळून गोठलेला ठिसूळ थर राहतो. तो घासून काढावा आणि आधीच्या टेम्परिंगपेक्षा वीसेक अंश कमी तापमानावर तुकडा पुन्हा एकदा टेम्पर करावा.